गिरण्या बंद, समुद्र सुरू

शुक्रवार : मँचेस्टर ते ब्लॅकपूल

बाबांना लंडन दाखवून झालं होतं. राजवाडा, पूल, मेणाचे पुतळे, सगळ्यावर त्यांचा एकच शेरा : “बरं आहे.” मग मी म्हटलं, “बाबा, इथले गिरणी कामगार सुट्टीला जिथे जायचे, तिथे जाऊया का?” तेव्हा कुठे ते खुर्चीत सावरून बसले. लोअर परळच्या एका गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, त्यांची उमेदीची वर्षं गेली. १९८२च्या संपात नोकरी सुटली ती कायमची. अशा माणसाला राजवाडे दाखवून काय होणार?

मँचेस्टरहून गाडी सव्वा तासात ब्लॅकपूलला पोचवते. बोल्टनच्या आसपास खिडकीतून लाल विटांच्या गिरण्या दिसू लागतात. भोंगा नाही, धूर नाही. कुठे गोदाम झालंय, कुठे फ्लॅट. बाबांनी विचारलं, “यांचा संप कधी झाला?” मी सांगितलं, इथल्या गिरण्या एका संपात गेल्या नाहीत. पन्नाशी-साठीच्या दशकांत एकेक करून बंद पडत गेल्या, आणि त्याचं एक कारण भारत, पाकिस्तान, हाँगकाँगहून येणारं स्वस्त कापड. बाबा थोडा वेळ बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे यांच्या आम्ही बंद केल्या. आमच्या कुणी केल्या ते तुला ठाऊक आहेच.”

हा हिशेब तसा जुना आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालू होती तेव्हा लँकेशरला, म्हणजे या गिरण्यांच्या मुलखाला, अमेरिकन कापूस मिळेना. मग मुंबईच्या बंदरातून हिंदुस्थानी कापसाच्या गासड्या इकडे येऊ लागल्या आणि मुंबईचे व्यापारी रातोरात श्रीमंत झाले. पण हा आखूड धाग्याचा ‘सुरती’ कापूस चालवताना सारखा तुटायचा. इथल्या कामगारांची त्या काळातली प्रार्थना अजून सांगितली जाते : देवा, कापूस पाठव, पण सुरती नको! बाबा खूश झाले. “आमच्याकडे खराब सूत आलं की आम्ही सरळ शिव्या द्यायचो. देवाला मध्ये घालत नव्हतो.” त्यांच्या गिरणीत सूतखात्यातल्या यंत्रांवर ‘प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम’ अशी ओतीव अक्षरं होती. ते ओल्डहॅम माझ्या घरून बसने जाण्याइतकं जवळ आहे याचं त्यांना अजून नवल वाटतं.

आम्ही उतरलो ते समुद्रामागच्या गल्लीतल्या एका बेड-अँड-ब्रेकफास्टमध्ये. मालकीणबाई सत्तरीच्या, बोलक्या, समोर येईल त्याला ‘लव्ह’ म्हणणाऱ्या. बाबांना समुद्रावरची गाढवं बघायची होती. ब्लॅकपूलच्या प्रत्येक फोटोत ती असतात. बाई म्हणाल्या, “आज नाही दिसायची. आज शुक्रवार, त्यांची सुट्टी.” ही थट्टा नव्हती. इथल्या गाढवांसाठी नगरपालिकेची नियमावली १९४२पासून आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी सात काम, मध्ये जेवणाची सुट्टी, पाठीवर आठ स्टोनपेक्षा, म्हणजे साधारण पन्नास किलोंपेक्षा जास्त वजन नाही, आणि शुक्रवारी पूर्ण आराम.

“युनियन जोरात दिसते,” बाबा म्हणाले.

माणसांना सुट्टी इतक्या सहज मिळाली नव्हती. समुद्रावर जायची फॅशन मुळात आजारी श्रीमंतांची. अठराव्या शतकाच्या मध्याला ब्रायटनकडच्या डॉक्टर रिचर्ड रसेलने समुद्राच्या पाण्यात डुंबा आणि ते प्यासुद्धा, असा सल्ला दिला आणि सरदार-दरकदार चाकांच्या लाकडी खोल्यांत बसून पाण्यात उतरू लागले. कामगार समुद्रावर आला तो रेल्वेमुळे. ब्लॅकपूलला रेल्वे १८४६ साली पोचली. लँकेशरच्या प्रत्येक गिरणीगावात पूर्वापार एक जत्रा असायची, ‘वेक्स’. जत्रेच्या दिवसांत निम्मे कामगार फिरकतच नाहीत, हे मालकांच्या लक्षात आलं. त्यापेक्षा आठवडाभर गिरणीच बंद ठेवावी आणि बॉयलर दुरुस्त करून घ्यावेत, हे त्यांना परवडू लागलं. ओल्डहॅमचा आठवडा वेगळा, बर्नलीचा वेगळा, ब्लॅकबर्नचा वेगळा. त्यामुळे उन्हाळाभर दर शनिवारी कुठलं ना कुठलं अख्खं गाव रिकामं होऊन ब्लॅकपूलच्या स्टेशनात उतरायचं. घरी जो शेजारी, तोच इथेही शेजारी. लॉजच्या मालकिणीही पुष्कळदा त्याच गावांकडून आलेल्या.

पगार मात्र त्या आठवड्याचा नाही. पगारी सुट्टीचा कायदा आला १९३८ साली. तोवर लोक वर्षभर दर आठवड्याला काही पेनी गिरणीतल्या ‘गोइंग-ऑफ क्लबा’त टाकायचे, म्हणजे आपली भिशीच, आणि जमलेले सगळे पैसे त्या सात दिवसांत उडवून परत यायचे. लॉजमध्ये शिधा आपला आपण आणायचा, मालकीण शिजवून द्यायची. टेबलावरच्या मीठ-मिरीचेही वेगळे पैसे लावणाऱ्या मालकिणी होत्या. आमच्या बाई हसून म्हणाल्या की हे त्यांनी आजीकडून ऐकलंय, आता मीठ फुकट आहे.

“आम्ही शिमग्याला आणि गणपतीला गावी जायचो,” बाबा म्हणाले. “रजा संपली तरी दोन दिवस जास्त राहायचो. बिनपगारी. त्या दोन दिवसांतच काय ती मजा.”

रात्री ट्राममधून रोषणाई पाहिली. ही विजेची ट्राम १८८५ची. दिव्यांचा पहिला प्रयोग त्याही आधीचा, १८७९चा : आठ आर्क दिवे लावून ‘कृत्रिम सूर्यप्रकाश’ म्हणून त्याची जाहिरात केली होती. आता ही रोषणाई किनाऱ्याने जवळपास दहा किलोमीटर पसरलेली असते. उन्हाळा संपला तरी गिऱ्हाईक संपू नये, एवढाच तिचा हेतू, आणि तो आजही साधतो. ऑक्टोबरच्या त्या बोचऱ्या वाऱ्यात दुसरं कुठलं शहर एवढी पोरंबाळं जमवू शकलं असतं असं मला वाटत नाही.

शनिवार : ब्लॅकपूल

टॉवर लांबूनच दिसतो. आयफेलची नक्कल, १८९४ची, १५८ मीटर. त्याच्याबद्दल बाबांचं मत : “बरं आहे.” मला रस होता तो टॉवरच्या समोरच्या जमिनीत. तिथे २०११ साली गॉर्डन यंग या कलाकाराने ‘कॉमेडी कार्पेट’ अंथरला. हजारावर विनोदकार आणि लेखकांची वाक्यं ग्रॅनाइटच्या अक्षरांत जमिनीत बसवली आहेत. लोक मान खाली घालून फिरत असतात आणि मध्येच कुणीतरी एकटंच खिदळतं. समुद्राकडे पाठ करून, भर वाऱ्यात, जमिनीकडे बघून हसणारी माणसं मी दुसरीकडे कुठे पाहिली नाहीत.

या कार्पेटचं उद्घाटन केलं होतं केन डॉडने. लिव्हरपूलच्या नॉटी अ‍ॅश भागातला हा विनोदवीर. १९२७ साली ज्या घरात जन्मला त्याच घरात २०१८ साली गेला. पुढे आलेले दात, पिंजारलेले केस, हातात पिसांची रंगीत काठी. ते दात लहानपणी सायकलवरून पडल्याची निशाणी. डोळे मिटून चालवून दाखव, असं मित्रांनी डिवचलं होतं. पन्नाशीच्या दशकात तो इथल्या सेंट्रल पिअरवर, म्हणजे समुद्रात घुसलेल्या करमणुकीच्या धक्क्यावर, दुसऱ्यांच्या कार्यक्रमात लहानसं काम करत होता. १९५८ साली ब्लॅकपूलच्या जाहिरातींत त्याचं नाव सगळ्यात वर गेलं, आणि १९६५ साली लंडनच्या पॅलेडियममध्ये त्याचा कार्यक्रम सलग ४२ आठवडे चालला.

डॉड कारकुनाच्या काटेकोरपणे विनोद करायचा, म्हणून मला आवडतो. कुठल्या गावात कुठल्या विनोदाला किती हशा आला याच्या नोंदी त्याने आयुष्यभर वह्यांमध्ये ठेवल्या. मागे अशा शेकडो वह्या निघाल्या. ग्लासगोच्या एम्पायर थिएटरचे प्रेक्षक इंग्लिश विनोदवीरांना कच्चं खायचे. त्यावर डॉड म्हणायचा, हसण्यावर एवढं लिहिणाऱ्या फ्रॉइडची अडचण एकच, त्याने कधी शनिवारी रात्री ग्लासगो एम्पायरमध्ये कार्यक्रम केला नाही. त्याचे प्रयोग चार-चार, पाच-पाच तास चालायचे. तुम्ही पळालात तर मी घरापर्यंत येऊन टपालाच्या फटीतून विनोद ओरडेन, अशी त्याची धमकी असे.

१९८९ साली त्याच्यावर कर बुडवल्याचा खटला झाला. घरात तीन लाख पौंडांच्या वर रोकड ठेवलेली निघाली. त्याच्या वकिलाने, जॉर्ज कारमनने, ज्यूरीला सांगितलं की काही हिशेबनीस विनोदी असतात, पण विनोदवीर कधी हिशेबनीस नसतात. (वह्यांचं ज्यूरीला कुणी सांगितलं नसावं.) डॉड निर्दोष सुटला आणि त्यानंतर कित्येक वर्षं त्याने खटल्यावरच विनोद करून पैसे मिळवले. करखात्याचं तेव्हाचं नाव ‘इनलँड रेव्हेन्यू’. हा म्हणायचा, मी समुद्राजवळ राहतो, मला कशाला लागू होईल?

दुपारी पिअरवर चालता चालता बाबांनी एक नेमका प्रश्न विचारला : “रोज दोन खेळ, महिनोन्‌महिने, मग एवढे विनोद आणायचे कुठून?” सगळी मेख इथेच आहे. आणायचे नसत. उन्हाळी हंगामाला विनोदवीर एकाच पिअरवर महिनोन्‌महिने मुक्काम ठोकून असायचा, पण दर शनिवारी प्रेक्षक बदलायचे. या आठवड्यात बर्नली, पुढच्यात ओल्डहॅम. बारा-पंधरा मिनिटांचा पक्का ऐवज असला की माणूस त्यावर वर्षानुवर्षं संसार करू शके. रोज तेच वाक्य बोलून बोलून त्याची धार इतकी बसे की नेमक्या कुठल्या श्वासाला थांबायचं हे अंगात मुरे. पुढे टेलिव्हिजन आलं आणि एका रात्रीत तो ऐवज अख्ख्या देशाने पाहून टाकला. गिरण्यांचं वेळापत्रक हाच त्या विनोदाचा खरा आश्रयदाता होता, असं मला त्या फळ्यांवर चालताना पटलं.

पिअरमध्येही वर्ग होते. १८६३चा नॉर्थ पिअर सभ्य लोकांसाठी, आत जायला दोन पेनी, म्हणजे गिरणीवाले आपोआप बाहेर. मग १८६८ साली त्यांच्यासाठी सेंट्रल पिअर झाला आणि तिथे उघड्यावर नाच सुरू झाला. गर्दी कुठे असायची हे सांगायला नकोच.

दुकानांत गुलाबी साखरेच्या कांड्या, ‘रॉक’. आरपार अक्षरं असतात, कुठेही मोडा, आत ‘ब्लॅकपूल’. अक्षरं आधी साखरेच्या जाड पट्ट्यांनी मोठाल्या लोळ्यात रचतात आणि मग तो लोळा गरम असताना ओढून ओढून बोटाएवढा करतात. या कांडीवर विनोदी गाणी म्हणणाऱ्या जॉर्ज फॉर्म्बीने १९३७ साली एक गाणं म्हटलं आणि बीबीसीने ते वाजवायला नकार दिला. गाण्यात आक्षेपार्ह शब्द एकही नाही. जे काही आहे ते ऐकणाऱ्याच्या डोक्यात. नायगाव-लालबागच्या दादा कोंडक्यांचं सेन्सॉरशी जे जन्मभर चाललं, ते बाबांना मी सांगायची गरज नव्हती. त्यांनी कांडी हातात धरली, एकदा माझ्याकडे बघितलं आणि विषय बदलला. चावट पोस्टकार्डांचा राजा डॉनल्ड मॅकगिल तर १९५४ साली लिंकनच्या कोर्टात उभा राहिला, तेव्हा त्याचं वय ७८-७९. दंड पन्नास पौंड, वर खटल्याचा खर्च.

संध्याकाळी टॉवरच्या बॉलरूममध्ये बसलो. फ्रँक मॅचमने बांधलेलं १८९९चं दालन, सोनेरी नक्षी, रंगवलेलं छत, आणि रंगमंचाखालून वर येणारा वुर्लित्झर ऑर्गन. रेजिनल्ड डिक्सन नावाच्या वादकाने इथे १९३० ते १९७० अशी चाळीस वर्षं काढली. जुने नियम गमतीचे होते : पुरुषाने स्त्रीशिवाय नाचायचं नाही, दंगा केल्यास तात्काळ हकालपट्टी. मधल्या लाकडी जमिनीवर ऐंशीच्या घरातली जोडपी एकमेकांना न बघता, न चुकता फिरत होती. बाबांनी दोन कप चहा घेतला आणि पूर्ण वेळ त्यांच्या पायांकडे बघत बसले.

रविवार : सेंट अ‍ॅन्स

बसने दक्षिणेला अर्धा तास. ब्लॅकपूलचा गोंगाट संपतो आणि नीट कापलेली हिरवळ सुरू होते. इथे पिअरजवळच्या बागेत लेस डॉसनचा पुतळा आहे. मँचेस्टरच्या कॉलीहर्स्ट वस्तीत १९३१ साली जन्म, शेवटची वर्षं याच गावात, मृत्यू १९९३. चेहरा असा की विनोद सांगायच्या आधीच काहीतरी वाईट घडून गेलंय.

तो चेहरा त्याला कसा सापडला याची गोष्ट तो स्वतः सांगायचा. हल शहरातल्या एका क्लबात तो रोज आपटत होता. एका रात्री पिऊन, पियानोवर कसाबसा बसला आणि आपण किती दुःखी आहोत, हा क्लब किती भिकार आहे याचं रडगाणं गायला लागला. लोक हसायला लागले. तेव्हापासून त्याने आनंदी दिसायचा प्रयत्न सोडून दिला. त्याचं बेसूर पियानोवादन तर शिकण्यासारखं आहे. सूर चुकतो तो नेमका अशा जागी की ऐकणाऱ्याच्या दातात कळ जावी. चांगलं वाजवता आल्याखेरीज हे जमत नाही. सासू हा त्याचा हातखंडा विषय. सासूबाई राहायला येणार हे मला आधीच कळतं, तो म्हणायचा, घरातले उंदीर आपण होऊन सापळ्यात उड्या टाकतात. आपल्याकडे सासूवरचे विनोद सुनेच्या बाजूने असतात. इथे जावई तक्रार करतो. सासू दोन्हीकडे अनुपस्थित.

पण मला बाबांना दाखवायचं होतं ते वेगळंच. डॉसन आणि रॉय बॅराक्लफ हे दोघे सिसी आणि एडा नावाच्या दोन प्रौढ बायका करायचे. डोक्याला टोप, हातात पर्स, शेजारपाजारच्या चुगल्या. बोलता बोलता ‘गर्भाशय’ किंवा ‘ऑपरेशन’ असा शब्द आला की एडाचा आवाज गायब. फक्त ओठ मोठमोठे हलायचे, भुवया वर जायच्या आणि कोपराने छाती सावरली जायची. बाकावर बसून मी फोनवर तो भाग लावला. वाऱ्यात आवाज काही ऐकू येईना. मी आवाज वाढवू लागले तर बाबांनी हात धरला. दोन मिनिटं नुसतं बघितलं आणि म्हणाले, “ही बाई साच्यावर काम केलेली आहे.”

“बाबा, ती बाई नाही. समोर पुतळा आहे ना, तोच हा माणूस.”

“असू दे. ज्याने हे केलं त्याने साचेवाली बघितलेली आहे.”

अगदी खरं. विणकामाच्या शेडमध्ये शेकडो साचे एकदम चालायचे. शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नसे. लँकेशरच्या विणकर बायकांनी ओठांची एक भाषाच तयार केली : आवाज नाही, प्रत्येक शब्द तोंडाने मोठा करून सांगायचा आणि दोन साचे पलीकडच्या बाईने तो वाचायचा. ‘मी-मॉ’ म्हणतात तिला. गिरणीतून घरी आल्यावरही सवय राहिली, आणि मग पोरांसमोर, पुरुषांसमोर जे उच्चारायचं नाही ते सगळं या बिनआवाजी भाषेत गेलं : बायकांची दुखणी, दिवस राहणं, कुणाचं कुणाशी काय. रॉचडेलच्या नॉर्मन इव्हान्सने कुंपणाच्या भिंतीवरून गप्पा मारणारी बाई करून हे रंगमंचावर आणलं आणि डॉसनने त्याच्याकडून उचललं. म्हणजे समुद्रकाठच्या थिएटरात बसून जे प्रेक्षक पोट धरून हसत होते ते स्वतःच्या आईला, मावशीला, स्वतःलाच ओळखून हसत होते.

बाबा मग थांबेचनात. त्यांच्या गिरणीत साच्यावर बायका नव्हत्या. त्या रीळखात्यात, वाइंडिंगला. पण खुणा साऱ्यांच्या. मिशीला पीळ दिल्यासारखं केलं की जॉबर, म्हणजे मुकादम, येतोय. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. दोन बोटं कातरीसारखी हलवली की तुझं सूत तुटलंय, बघ. एकाला एकाची लग्नाची बोलणी साच्यांच्या दोन रांगांपलीकडून खुणांनी सांगितली होती, आणि मधल्या सगळ्यांना ती कळली. त्या बाकावर बसून त्यांनी मला अर्धी शिफ्ट करून दाखवली. समोरून कुत्रा फिरवत चाललेले एक आजोबा थांबले, थोडं बघितलं, आणि त्यांनी ओठांनीच, आवाज न करता, काहीतरी विचारलं. बाबांनी मान हलवली. काय विचारलं ते मला सांगितलं नाही. घरी आई गेली चाळीस वर्षं म्हणते की हा माणूस ऐकून न ऐकल्यासारखं करतो. तो तोंडाकडे बघत असतो, हे आमच्यापैकी कुणाला सुचलंच नाही.

सोमवार : मोरकम

प्रेस्टन, लँकेस्टर असं दोनदा बदलत मोरकमला आलो. उपसागर प्रचंड, पलीकडे लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर, आणि ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की समुद्र आहे यावर विश्वास ठेवावा लागतो. इथे यायचे ते ब्रॅडफर्डकडचे लोकरीच्या गिरण्यांतले कामगार. म्हणून मोरकमला ‘समुद्रकाठचं ब्रॅडफर्ड’ म्हणत. ब्लॅकपूल तगलं, मोरकमला ते जमलं नाही. साठीनंतर विमानं स्वस्त झाली आणि त्याच पैशांत स्पेनचं खात्रीचं ऊन मिळू लागलं. इथला एक पिअर १९७७च्या वादळात मोडला, दुसरा १९९२ साली पाडला. पांढरंशुभ्र मिडलंड हॉटेल, १९३३चं, मधे बरीच वर्षं बंद राहून २००८ साली पुन्हा उघडलं. आम्ही तिथे चहा प्यायलो नाही. किंमत बघून बाबांनीच बाहेरचा बाक पसंत केला.

बाकासमोरच गावाचा सगळ्यात लाडका मुलगा उभा आहे. जॉन एरिक बार्थोलोम्यू, जन्म १९२६. वडील नगरपालिकेत मजूर. आई सेडी कामं करून पोराच्या नाचाच्या शिकवणीचे पैसे भरायची. पोराला नाच अजिबात आवडत नव्हता. मुलांच्या एका फिरत्या कार्यक्रमात त्याची लीड्सकडच्या अर्नी वाइझमनशी गाठ पडली. १९४०च्या युद्धकाळात, अंधाऱ्या गाडीतून प्रवास करताना दोन्ही पोरांच्या बडबडीने कावलेली सेडी म्हणाली, नुसता वात आणण्यापेक्षा दोघं मिळून काहीतरी बसवा. त्या कावण्यातून ब्रिटनची सगळ्यात आवडती विनोदी जोडी जन्मली.

बार्थोलोम्यू हे नाव जाहिरातीत मावेना, म्हणून त्याने गावाचं नाव घेतलं. मग अर्नीनेही घ्यावं की काय अशी चर्चा झाली. पण ‘मोरकम अँड लीड्स’ हे स्वस्तातल्या रिटर्न तिकिटासारखं वाटतं, म्हणून बेत रद्द. अर्नी झाला वाइझ.

१९५४ साली बीबीसीने त्यांना पहिली मालिका दिली आणि ती साफ पडली. एका समीक्षकाने टेलिव्हिजन संचाची नवी व्याख्या दिली : ज्या खोक्यात मोरकम आणि वाइझ यांना पुरलं तो खोका. एरिकने ते कात्रण पाकिटात ठेवलं आणि आयुष्यभर जवळ बाळगलं. ग्लासगो एम्पायरमध्ये तर ते दोघं स्मशानशांततेत विंगेत परतले. तिथला अग्निशमनवाला म्हणाला, “आता तुम्ही त्यांना आवडायला लागलात.”

मला सगळ्यात प्रिय आहे ती १९६८च्या नोव्हेंबरमधली गोष्ट. यॉर्कशरमधला कार्यक्रम संपवून रात्री गाडीने जाताना एरिकच्या छातीत कळा सुरू झाल्या. रस्त्यावर दिसलेल्या एका माणसाला त्याने गाडी चालवायची विनंती केली. तो म्हणाला, मी फक्त रणगाडा चालवलाय. तसंच त्याने इस्पितळ गाठलं. एरिकला आत नेत असताना तो कानाशी वाकला आणि म्हणाला, “जायच्या आधी एवढी सही कराल का?” एरिक ही गोष्ट मुलाखतींत रंगवून सांगायचा. झटका खरा होता. वय होतं ४२.

तो बरा झाला आणि त्यानंतरच त्याची सगळ्यात मोठी वर्षं आली. एडी ब्रेबन नावाचा लेखक मिळाला. १९७१च्या नाताळात आंद्रे प्रेव्हिनसारख्या नामवंत ऑर्केस्ट्रा-संचालकाला त्यांनी पुढे उभं केलं आणि एरिक ग्रीगचा पियानो कॉन्चेर्तो वाजवायला बसला. भयंकर वाजवून झाल्यावर प्रेव्हिनची कॉलर पकडून म्हणाला की मी सगळे सूर बरोबरच वाजवतोय, फक्त त्याच क्रमाने असतील असं नाही. प्रेव्हिनने आपली वाक्यं टॅक्सीत बॅटरीच्या उजेडात पाठ केली होती. १९७७चा नाताळचा कार्यक्रम दोन कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. १९८४च्या एप्रिलमध्ये विनोदवीर टॉमी कूपर थेट प्रक्षेपणात रंगमंचावरच कोसळून गेला. दीड महिन्याने ट्यूक्सबरीच्या छोट्या थिएटरात एरिक त्याबद्दल बोलला, पुन्हा पुन्हा बाहेर येऊन लोकांना हसवलं, “झालं, एवढंच,” म्हणून आत गेला आणि विंगेत पडला.

पुतळ्याचं अनावरण १९९९ साली खुद्द राणीने केलं. ग्रॅहॅम इबेसन हा शिल्पकार, सेंट अ‍ॅन्सचा डॉसनही त्याचाच. एक पाय उचललेला, गळ्यात दुर्बीण, कारण एरिकला पक्षी बघायचा नाद होता. २०१४ साली कुणीतरी पाय कापायचा प्रयत्न केला, दुरुस्ती करून पुतळा परत उभा राहिला. रांगेत प्रत्येकजण त्याच्याशेजारी एक पाय उचलून फोटो काढत होता. आजी, जावई, बाबागाडीतलं पोर, सगळे. बाबांनी गुडघ्याचं कारण सांगितलं आणि मग आपला नंबर आल्यावर बरोबर उचलला.

परतीच्या गाडीवर पाटी होती : लीड्स. ही गाडी अजून चालते. आम्हाला पहिल्याच टप्प्यावर, लँकेस्टरला, उतरायचं होतं. तिकीट तपासनीस आला तेव्हा बाबांनी मी दुपारी सांगितलेलं लक्षात ठेवून, शब्द जुळवत म्हटलं, “मोरकम अँड लीड्स?”

तपासनिसाने चेहऱ्यावरची रेषाही न हलवता विचारलं, “स्वस्तातलं रिटर्न देऊ का?”